कॅनचं झाकण

गुलाबच्या कॅनचं झाकण सैल नव्हतं. ते घट्ट होतं आणि ते मी उघडलं. एवढं लिहायला मला तीसहून जास्त वर्षं लागली. बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही. आबा शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून सांगायचं ठरवलं होतं, तेव्हाही औषधाच्या वेळा विचारत बसलो. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हापासून हे प्रकरण मी पुढं ढकलतोय. आधी शाळा लिहिली, मग मामाचं गाव लिहिलं, घरातल्या मांजरीवरही चार पानं लिहून काढली. आता मागे लिहिण्यासारखं काही उरलं नाही म्हणून इथं आलोय.

तेव्हा आम्ही धुळ्याला देवपुरात दोन खोल्यांत राहत होतो. आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडे होतं. साक्रीवरून नवापूरला जाणारी गाडी, शिंदखेड्याची गाडी, जळगावची विनाथांबा, सगळ्यांना त्यांच्याच आवाजात फलाट मिळायचा. तो आवाज भरदार होता, घाई नसलेला. प्रवासी गाडीच्या पाटीवर विश्वास ठेवायचे नाहीत, पण आबांनी भोंग्यातून सांगितलं की ट्रंका उचलायचे. घरी मात्र आबा फारसं बोलत नसत. बोलायचे ते त्याच सुरात, प्रत्येक गोष्ट दोनदा. "रमेश, आंघोळीचं पाणी तापलं आहे. आंघोळीचं पाणी तापलं आहे." आई हसायची आणि म्हणायची, फलाट कोनता? शाळा सुटली की मी पुष्कळदा स्टँडवर जाऊन बाकावर बसायचो. भजी खायला येतो असं सगळ्यांना वाटायचं. मी आबांचा आवाज ऐकायला जात होतो. त्या भोंग्यातून त्यांनी सगळ्या खानदेशाची नावं घेतली होती, हरवलेल्या पोरांची घेतली होती, पाकीट विसरलेल्या एका भलत्याच माणसाचं तर दिवसभर घेतलं होतं. माझं कधी घेतलं नव्हतं. हे वाचून कुणी हसेल. मला अजून हसू येत नाही.

आई शिंदखेड्याकडची. तिच्या तोंडी कायम अहिराणी. संध्याकाळी स्टोव्हची घरघर सुरू झाली की पाठोपाठ लसणाचा आणि लाल मिरचीचा ठसका गल्लीपर्यंत जायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थंडीत भरीत. रविवारी शेवभाजी, तीही आबांना सुट्टी असली तरच. या जेवणाला बारावीच्या वर्षी एक जास्तीचं ताट लागायला लागलं, ते गुलाबचं.

गुलाब साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका पाड्यावरचा. सरकारी वसतिगृहात राहायचा. प्रयोगशाळेत आमच्या दोघांत एक टेबल होतं, तिथून मैत्री झाली. अंगानं काटकुळा, डोळे किंचित पिवळसर, आणि बोलायला एकदम तिखट. तो सतत पाणी प्यायचा. दर तासाला नळावर, दर तासाला मुतारीत. वर्गात त्याला 'टँकर' म्हणायचे. तो म्हणायचा, "टँकरले मान राहतो रे, पूर्ण गाव वाट पाहतं." आईच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तिनं त्याच्या ताटाशेजारी तांब्याच ठेवायला सुरुवात केली. मी चेष्टा केली तर मला म्हणाली, "पोऱ्याले पानी लागस. तुले काय करनं?"

खरं कारण त्यानं मला एका दुपारी पांझरेच्या पुलावर सांगितलं. त्याला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, पाणी कमी पडलं किंवा फार दमणूक झाली की त्या आतल्या आत अडकतात आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात, असं त्याला लहानपणी एका डॉक्टरनं समजावलं होतं. त्याची धाकटी बहीण याच आजारानं गेली होती. पाणी सोडायचं नाही, हा त्याचा एकमेव उपाय. "कोणाले सांगू नको," तो म्हणाला. मी शपथ घेतली. ती शपथ मी फार कडक पाळली. नको तिथंही पाळली.

आणि नेमकी त्याच हिवाळ्याच्या शेवटी ती पदयात्रा आली. एक डॉक्टरबाई कॉलेजात आल्या. डोंगराकडच्या गावांमध्ये हा आजार किती आहे, कोणत्या घरांत आहे, त्यावर काय करता येईल, हे शोधायला प्रयोगशाळा हवी आणि तिला पैसे हवेत, असं त्यांनी सांगितलं. विद्यार्थ्यांनी धुळ्याहून साक्री रस्त्यानं कुसुंब्यापर्यंत चालत जायचं. त्याआधी प्रत्येकानं कार्ड घेऊन ओळखीच्यांकडे जायचं आणि मी चाललेल्या दर किलोमीटरला तुम्ही किती द्याल ते लिहून घ्यायचं. हमरस्ता असल्यानं एकट्यानं चालायला परवानगी नव्हती. जोडीनं चालायचं, जोडीनंच पोचायचं, दोघांपैकी एक थांबला तर जोडी थांबली. वाटेत ठिकठिकाणी टेबलं असणार होती, तिथं कार्डावर शिक्का आणि माठातलं पाणी.

गुलाब उठून उभा राहिला आणि पहिलं नाव त्यानं दिलं. दुसरं अर्थातच माझं. अर्जावर 'काही आजार आहे का' असा रकाना होता. त्यात गुलाबनं 'नाही' लिहिलं. मी बघत होतो. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "'आहे' लिहिलं तर चालू देतील का? स्टेजवर उभं करतील. पाहा, असा असतो पेशंट." त्याला चालायचं होतं. बहिणीसाठी, असं तो कधी बोलला नाही, पण ज्या रस्त्यानं तिला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं तोच तो रस्ता होता.

पंधरा दिवस आम्ही कार्डं घेऊन आग्रा रोडची दुकानं पालथी घातली. या कल्पनेचं लोकांना भारी नवल वाटायचं. चालायचे पैसे? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मारवाडी शेठजींचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आमचा हमाल रोज एवढा चालतो. त्याला कोणी किलोमीटरचे पैसे देत नाही."

"त्यालाही घेऊन या शेठजी," गुलाब म्हणाला. "त्याची जोडी तुमच्याबरोबर लावू."

दुकानातला हमाल फिस्सकन हसला. शेठजीही हसले, मांडी बदलली आणि आमच्या कार्डावरचा सगळ्यांत मोठा आकडा त्यांनीच लिहिला.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते एका रात्रीच्या जेवणात, आणि तेही माझ्या एकट्याच्या डोक्यात. आबांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं की पदयात्रेची मंडळी डेपोत येऊन गेली. कुसुंब्याला पहिली जोडी पोचली की तिथून स्टँडवर फोन येणार आणि ती नावं आबांनी भोंग्यावरून जाहीर करायची, म्हणजे लोकांना पदयात्रा कळेल. हे सांगून त्यांनी चटणी मागितली. त्या क्षणापासून प्रयोगशाळा, आजार, गुलाबची बहीण, सगळं माझ्या मनातून पुसलं गेलं. मला पहिलं पोचायचं होतं.

आईनं गुलाबसाठी तेलाचा पाच लिटरचा कॅन राखेनं घासून काढला, पाणी भरलं, झाकण लावून मोरीत उलटा धरून पाहिला. जुन्या चादरीची खांद्यावर अडकवायची पिशवी शिवली. निघताना मला एवढंच म्हणाली की त्याला पाणी पाजत राहा. दोन जागी शिक्के मारून होईपर्यंत मी पाजलंही. आम्ही आळीपाळीनं पिशवी घेत होतो. शिवरात्र होऊन गेली होती आणि सकाळी नऊलाच डांबर चमकायला लागलं होतं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे आणि धूळ दातांत करकरायची. आम्ही पहिले होतो. पण दर दहा मिनिटांनी गुलाब थांबायचा, पाणी प्यायचा, झाकण लावायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा थांबून बाभळीआड जायचा. मागं एका तालमीतल्या दोन पोरांची जोडी होती, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची. आम्ही थांबलो की ते बूट मोठे व्हायचे, चाललो की लहान व्हायचे. मी चिडत होतो. टेबलावरच्या माठातून पुन्हा भरून घेतलेलं पाच किलो ओझं खांद्याला काचत होतं. गुलाबला मी बोललोही, की तू काय नदी घेऊन चाललायस का. तो हसला. त्याचं ते हसणंही मला तेव्हा सहन झालं नाही.

रस्त्याखालून ओहोळ जातो अशा एका मोरीपाशी तो पुन्हा बाभळीआड गेला. पिशवी माझ्याकडे होती. पांढरे बूट मोठे झाले होते. मी पिशवीतून कॅन बाहेर काढला, पिशवी कठड्यावर ठेवली, झाकण फिरवलं. ते इतकं घट्ट होतं की दोन्ही हात लावावे लागले. अर्धंच ओतायचं असं मी ठरवलं होतं, ओझं कमी होईल, थांबणं कमी होईल. अर्धं ओतून झाल्यावर वाटलं, अर्धं कसं सांडलं म्हणून विचारील. मग सगळं ओतलं. पुढच्या टेबलावर माठ आहेतच, असा हिशेब मनात होता. पाणी मातीत गेलं तेव्हा वाफेचा वास आला. तो वास अजून येतो. उन्हाळ्यात बायको अंगणात सडा टाकते तेव्हा मी घरात जातो. तिला वाटतं मला मातीच्या वासाची अॅलर्जी आहे.

गुलाब आला. मी सांगितलं की पिशवी खाली ठेवली, आतला कॅन लवंडला, झाकण सैल होतं, सगळं सांडलं. तो ओल्या जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेवटचं तर मीच लावलं होतं." आणि चालायला लागला.

पुढच्या टेबलावर कडुलिंबाखाली माठ होते आणि ते कोरडे होते. पाण्याचा टेम्पो मागं पंक्चर झाला होता. टेबलावरच्या स्वयंसेवकानं शिक्का मारून सांगितलं की दहा-पंधरा मिनिटांत येईल, थांबा. गुलाब टेबलाला टेकून म्हणाला, "थांबू रमेश." त्या दिवशी त्यानं माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी मागं पाहिलं आणि म्हटलं की चारच किलोमीटर राहिलेत, कुसुंब्यात पोटभर पिऊ. तो माझा मित्र होता, म्हणून निघाला.

त्यातले पहिले दोन किलोमीटर तो नुसता गप्प होता. नंतर त्यानं मांडी धरली. नंतर माझा खांदा. गाव दिसायला लागलं तेव्हा तो दात आवळून त्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होता आणि मी त्याच्या कमरेला हात घालून त्याला जवळजवळ ओढत नेत होतो. बघणाऱ्यांना ते फार सुंदर दिसलं असणार. कुसुंब्याच्या शाळेपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही कार्डांवर शेवटचा शिक्का बसला, आम्ही पहिले आलो, कुणीतरी फोन करायला धावलं, आणि गुलाब खाली बसला तो उठलाच नाही. त्याला पाणी दिलं, त्याला गिळवेना. "पाय टेकाता येत नही," एवढंच म्हणत होता. डॉक्टरबाईंची जीप मागच्या पोरांबरोबर होती. तेवढ्यात साक्रीहून धुळ्याला जाणारी गाडी आली. कंडक्टर आबांना ओळखत होता. त्यानं मागची लांब सीट रिकामी केली आणि आम्ही गुलाबला त्यावर निजवलं.

चालून आलेला सगळा रस्ता मी खिडकीतून उलटा पाहिला. ती मोरीही गेली. गुलाबचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दर खड्ड्याला त्याच्या तोंडातून जो आवाज निघायचा तो लिहून दाखवता येणार नाही. गाडी स्टँडमध्ये वळली आणि त्याच वेळी भोंगा सुरू झाला; कुसुंब्याहून फोन तेव्हा कुठे लागला असावा. सिकलसेल संशोधनासाठीच्या पदयात्रेतली पहिली जोडी कुसुंब्याला पोचली आहे, असं आबांनी नेहमीच्या संथपणे सांगितलं. मग म्हणाले, "गुलाब बागूल, आणि आमचा रमेश." आणि सवयीनं दुसऱ्यांदा म्हणाले, "गुलाब बागूल, आणि आमचा रमेश."

'आमचा.' इतक्या वर्षांत त्या भोंग्यात त्यांनी घरगुती शब्द वापरला असेल तर तो एकदाच. फलाटावर कुणी टाळ्या वाजवल्या. मी गुलाबचे कान झाकायला हात नेला, आणि त्यानं डोळे न उघडता तो बाजूला केला. त्याला ऐकायचं होतं.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या, रक्त तपासून झालं होतं, त्या खूप रागावल्या. आजार का लपवलास हे झालं आणि मग त्यांनी विचारलं की अरे, तुला माहीत होतं तर पाणी का नाही प्यालास. खाटेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आबा, अजून खाकी गणवेशातच. गुलाब म्हणाला, "पाणी होतं मॅडम. झाकण माझ्याकडून सैल राहिलं. याची काही चूक नाही." आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तेव्हा बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं नसतं, हे मला कळतं. पण गुलाबच्या डोक्यावरचं ते झाकण तरी निघालं असतं.

घरी आल्यावर आबांनी आईला झाकण सैल राहून पाणी सांडल्याचं सांगितलं. नंतर पाहतो तर ती मोरीत ती पिशवी धुवायला घेऊन बसली होती. धुतली नव्हती. हातात धरून झटकत होती आणि तिच्यातून कोरडी धूळ उडत होती. ओल्या कापडावर धूळ बसली तर डाग पडतो, हे कपडे धुणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिशवी कोरडी शे, रमेश." मी दिवा लावायच्या निमित्तानं आत गेलो. नंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. तो कॅन मात्र तिनं टाकला नाही. पुढं कित्येक वर्षं त्यात गोडंतेल भरून ओट्याखाली ठेवायची. त्याच्याखाली कागद घालायची गरज कधी पडली नाही.

गुलाबची परीक्षा बुडाली. दुखणं हटलं पण खुब्याचं हाड आतून खराब होत गेलं. या आजारात ते होतंच, कधी ना कधी झालंच असतं, असं मला पुढं दोन डॉक्टरांनी सांगितलं. मी दोघांनाही तिसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं होतं. तो काठी घेऊन पाड्यावर परत गेला. आता त्याची तिथं पिठाची गिरणी आहे, बायको आहे, एक मुलगी नर्सिंग शिकतेय. मी जळगावला आलो, छापखाना टाकला. इथंही दरवर्षी अशी पदयात्रा निघते, एकसारखे टी-शर्ट, फोटो, बाटल्यांचे खोके. त्यांची कार्डं मी फुकट छापून देतो आणि प्रत्येक कार्डावर ठळक अक्षरांत 'पाणी पीत राहा' असं स्वतःहून घालतो. मंडळी मला शाल देतात. मी घेतो. नको म्हटलं तर का म्हणून विचारतील.

वर्षातून एकदा गुलाबकडे जातो. दर वेळी आज सांगायचंच म्हणून निघतो आणि साक्रीपर्यंत वाक्य पाठ करत जातो. एकदा गिरणी चालू असताना तोंड उघडलं. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू जाईना म्हणून त्यानं गिरणीच बंद केली, दळण घेऊन बसलेल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी म्हटलं, चहा पिऊ या का. एकदा त्याच्या मुलीसमोर सांगणार होतो, तर तीच कौतुकानं म्हणाली की बाबांना तुम्ही ओढत नेलं होतं ना शेवटपर्यंत. मला माझाच इतका राग येतो की परतीच्या वाटेवर गाडी थांबवून उभा राहतो. ती मोरी आता नाही, चौपदरी रस्त्याखाली गेली. उभं राहायलाही जागा उरलेली नाही.

निघताना गुलाब न चुकता मला पाण्याची बाटली भरून देतो. झाकण स्वतः फिरवतो, मग माझ्या हातात देऊन म्हणतो, "पाहून घे बरं. मन्हा हातनं झाकण सैल राहतं." त्याची बायको हसते. मीही हसतो. बाटली घेऊन गाडीत बसतो, आणि जळगाव येईपर्यंत ती उघडत नाही.

हे पुस्तक त्याच्या हाती पडण्याआधी मी त्याच्याकडे जायला हवं. पुस्तकातून कळवणं हाही पळून जाण्याचाच प्रकार झाला. गुलाब, मी तुझं एक वाक्य देणं लागतो, आणि ते तुझ्या समोर बसून, गिरणी बंद असताना द्यायचं आहे: झाकण तू घट्ट लावलं होतंस. पाणी मी ओतलं. अजून दिलेलं नाही.